वेळ संपल्याची घंटी

पौर्णिमा अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला होती आणि कथा लिहायची. कार्यालयात हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरी ठाऊक होतं, पण वाचायची सवड कुणाला नव्हती. अकोल्याच्या साहित्य संमेलनाला स्वयंसेवक हवेत असं कळलं, तसं तिनं नाव देऊन टाकलं. लिहिणारी माणसं जवळून कशी दिसतात, तेवढंच तिला बघायचं होतं.

तिच्या वाट्याला कविसंमेलनातली घंटी आली. कवीची पाच मिनिटं झाली की ती वाजवायची. सुरुवातीचे कवी मुकाट्यानं खाली बसले. मग उत्तमराव उठले. वयानं मोठे, मानानं त्याहून मोठे. त्यांची कविता सुरू झाली ती संपेचना. पौर्णिमानं घंटी वाजवली. थोडं थांबून पुन्हा वाजवली.

"बाई, ही शाळा आहे का?" उत्तमराव माइकवरूनच म्हणाले. सभागृह हसलं.

"नाही सर. पण बाकीचे कवी सकाळपासून बसून आहेत."

आता कुणी हसलं नाही. उत्तमराव कविता अर्धी टाकून बसले. संयोजकांनी पौर्णिमाला बाजूला घेतलं. "मॅडम, तुमी जेवणाकडं पाहा. इथलं आमी पाहून घेतो."

ती मंडपात जाऊन रोडगे वाढू लागली. दुपारी उत्तमराव ताट घेऊन पुढे आले, तिच्याकडे न बघता "भाजी थोडी जास्त" म्हणाले. तिनं जास्त वाढली. संध्याकाळच्या गाडीनं जायचं आणि पुन्हा या वाटेला यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

गाडीत समोर दोघं येऊन बसली. बडनेऱ्याला रेल्वेत असलेला सुगत आणि चांदूर रेल्वे गावच्या सुंदराबाई, निवृत्त नर्स. दोघंही कवी.

"घंटीवाल्या मॅडम ना?" सुगत म्हणाला. "तुमच्यानं मले वाचाले भेटलं. मागच्या साली भेटलं नव्हतं."

"तुमी काय लिहिता?" सुंदराबाईंनी विचारलं.

पौर्णिमानं बिचकत एक कथा सांगितली. दोन बहिणींचा अबोला. एसटीत शेजारी जागा मिळते आणि उतरताना दोघी गळ्यात पडतात.

"खोटं हाय," सुंदराबाई म्हणाल्या. "अशा काहून गळ्यात पडतीन? मी माह्या बहिणीशी बोलत नाही. मले माहीत हाय."

पौर्णिमाला राग आला. ती भांडली. सुगत कधी इकडून, कधी तिकडून बोलत होता. मूर्तिजापूर कधी गेलं, कळलं नाही. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपल्या कथेवरून आपल्याशी आजवर कुणी भांडलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात तिघं सुगतच्या घरी जमली. मग आणखी काही जण येऊ लागले. दर वेळी कुणी ना कुणी रुसून जाई आणि पुढच्या वेळी परत येई. पौर्णिमानं शेवट बदलला, तो सुंदराबाईंना पटला नाही, पुन्हा बदलला. आता धाकटी नुसतीच सरकून खिडकीची जागा देते आणि मोठी बसते.

कथा दिवाळी अंकात आली. सगळ्यांनी अंक घेतला, सुंदराबाईंनी सोडून.

"मी कायले घेऊ?" त्या म्हणाल्या. "माही तं आयकून आयकून पाठ झाली."