घरचा सामना, परक्या मैदानावर

भोंगाताईंचा आवाज रियाज करून कमावलेला नव्हता. आठवडाभर लोकांना मोटार शिकवायची आणि शिकाऊ माणूस थेट भिंतीकडे निघाला की बोंब ठोकायची, यातून तो आपोआप तयार झाला होता. रविवारी तोच आवाज गावच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर माइकमधून यायचा. खरं नाव आता सासरी कुणाच्या तोंडात राहिलं नव्हतं. क्लबातल्या पोरांनी भोंगाताई म्हणायला सुरुवात केली आणि नवऱ्यानेही निर्लज्जपणे तेच उचललं.

मैदानावर त्यांच्या बोलण्याचा क्रम ठरलेला होता. आधी पाहुण्या संघाचं स्वागत. मग त्या दिवशीचा चेंडू कुणी दिला ते. दर सामन्याला गावातलं कुणीतरी चेंडू देई, आणि नाव पुकारलं की त्याने उभं राहून हात हलवायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. मग खेळाडूंची नावं. आणि सामना संपला की शेवटी, ''सांभाळून जा, आणि जाताना फाटक लावून घ्या.'' फाटक उघडं राहिलं की शेजारच्या शेळ्या आत शिरत आणि गोलपुढचं गवत फस्त करत.

तर असा हा क्लब, आणि त्याने त्या वर्षी देशातली लीग जिंकली. आता परदेशी क्लबांच्या स्पर्धेची पात्रता फेरी खेळायची होती. पहिलाच प्रतिस्पर्धी असा मिळाला, की त्यांच्या राखीव गोलकीपरच्या पगारात आपला सगळा संघ पोसला गेला असता. पण नियम म्हणजे नियम. दोन सामने व्हायचे, एक त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे.

एक आपल्याकडे! या दोन शब्दांवर गावाने हाडाची काडं केली. कप्तान धंद्याने प्लंबर. त्याने पाहुण्यांच्या खोलीत गरम पाण्याचे नळ बसवले. भोंगाताईंचा नवरा वायरमन, तो दिव्यांच्या खांबांवर चढून बसला. बायकांनी खुर्च्या रंगवल्या. निरीक्षक आले, फूटपट्ट्या लावलावून सगळं पाहिलं आणि मैदान पास करून गेले.

सगळ्यात जास्त उतावीळ होत्या सासूबाई. कॉर्नरच्या झेंड्याशेजारी त्यांची लाकडी खुर्ची असे. तिथून त्या रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. कॉर्नर घ्यायला आलेला पाहुणा खेळाडू आधी त्यांच्याकडे बघे आणि मग चेंडूकडे.

''परदेशी रेफ्रीला माझं बोलणं कळेल का गं?'' त्यांनी विचारलं.

''शब्द नाही कळणार. पण भावना पोचतील, आई.''

आणि मग अध्यक्षांनी सामना विकला.

दुसरा शब्दच नाही त्याला. अध्यक्षांचं फरश्यांचं दुकान होतं आणि फरशीसारखंच गुळगुळीत बोलणं. क्लबच्या खोलीत सगळ्यांना बोलावून ते म्हणाले, की दोन्ही सामने त्यांच्याकडेच खेळायचं ठरलंय. त्यांचं मैदान मोठं आहे. त्यांनी चांगली रक्कम देऊ केलीय. शिवाय कार्यकारिणीची सहकुटुंब राहण्याची सोयही तेच करताहेत.

''सहकुटुंब,'' कप्तान म्हणाला. ''आणि हे गाव कुणाचं कुटुंब?''

''भावनेच्या भरात बोलू नकोस. कागदोपत्री दुसऱ्या सामन्याचे यजमान आपणच आहोत.''

भोंगाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्च्यांचा रंग अजून पुरता वाळला नव्हता. आदल्या दिवशी सासूबाईंनी आपल्या खुर्चीला स्वतःच्या हाताने निळा रंग दिला होता, आणि तो अजून त्यांच्या नखांत होता. आता हे त्यांना सांगायचं कुणी? सांगणं अर्थात भोंगाताईंच्याच वाट्याला आलं.

ऐकून सासूबाई नखांतला निळा रंग खरवडू लागल्या. डॉक्टरांनी विमानाचा प्रवास बंद केलेला, त्यामुळे तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

''टीव्हीवर दिसेल ना,'' नवरा म्हणाला.

''मला टीव्ही नको,'' त्या म्हणाल्या. ''टीव्हीवर सगळ्या जगाची मॅच दिसते. मला माझ्या खुर्चीत बसून, आपल्या भोंग्यातून, हिच्या तोंडून ऐकायचीय. घरची मॅच आहे ना? मग घरी ऐकू आली पाहिजे.''

भोंगाताईंनी शब्द दिला, की ऐकू येईल. बेत सोपा होता. तिकडे माइकशेजारी फोन चालू ठेवायचा, इकडे नवऱ्याने तो मैदानाच्या भोंग्यांना जोडायचा. यजमान आपण, तर माइकही आपला. एवढं तरी कुणी विकलेलं नव्हतं.

पहिला सामना आपण तीन-शून्यने हरलो. त्याबद्दल न बोललेलंच बरं. पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर, त्याच तीस-एक हजार लोकांपुढे, आपला घरचा सामना. आपल्याकडून आलेले होते जेमतेम चाळीस जण, स्वतःच्या खर्चाने, वरच्या कोपऱ्यात बसवलेले.

सामन्याआधी भोंगाताई माइकच्या खोलीत शिरल्या, तर तिथे कोट घातलेला एक गलेलठ्ठ गृहस्थ घशाच्या गोळ्या चघळत बसलेला. तो त्या मैदानाचा निवेदक. भोंगाताईंच्या मागोमाग अध्यक्ष धापा टाकत आले.

''ताई, अहो, यांचा माणूस बोलणार आहे. यांच्या भाषेत. माझं बोलणं झालंय.''

''तुमचं बोलणं फार झालंय, साहेब. यजमान कोण आहे?''

''कागदोपत्री हो. पण आपण इथे पाहुणे आहोत. कशाला उगाच तमाशा?''

''पाहुणे आपण गेल्या आठवड्यात होतो. आज हे येताहेत आपल्याकडे. माझी सासू तिकडे खुर्चीत जाऊन बसलीय.''

''एका म्हातारीसाठी...''

अध्यक्षांनी वाक्य पुरं केलं नाही, ते बरंच झालं. एरवी शिकवायच्या गाडीत भोंगाताईंच्या पायाखाली दुसरा ब्रेक असे. इथे तो नव्हता. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या निवेदकाला सरळच विचारलं, की तुमचं मैदान असतं आणि कुणी परका येऊन तुमच्या खुर्चीत बसला असता, तर तुम्ही काय केलं असतं? त्याने अध्यक्षांकडे पाहिलं, भोंगाताईंकडे पाहिलं. मग तो उठला, खुर्ची हाताने झटकून त्यांच्यापुढे केली आणि वर घशाची एक गोळीही दिली. परका माणूस, पण त्याला कळलं. अध्यक्षांना कळलं नाही. ते मान्यवरांच्या कक्षात निघून गेले.

भोंगाताईंनी फोन माइकशेजारी ठेवला. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, ''सगळं गाव आलंय मैदानात. बोल.''

''पाहुण्या संघाचं आपल्या मैदानावर स्वागत,'' भोंगाताई म्हणाल्या.

आवाज त्या अवाढव्य मैदानावर घुमला. तीस हजार लोकांना काही कळलं नाही. ते आपल्याच घरात पाहुणे झाले होते आणि आइस्क्रीम खात होते. कोपऱ्यातले चाळीस मात्र ताडकन उभे राहिले.

आता चेंडू कुणी दिला ते सांगायचं. पण चेंडू तर स्पर्धेवाल्यांनी दिलेला. काचेतून समोरच मान्यवरांचा कक्ष दिसत होता. अध्यक्ष शेजारच्याशी हसून बोलत होते, हातात सरबताचा ग्लास. भोंगाताईंना सासूबाईंची निळी नखं आठवली. मग त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही.

''आज चेंडू कुणी दिला ते सांगणार नाही. आज मैदान कुणी दिलं ते सांगते. आपलं मैदान निरीक्षकांनी पास केलं होतं. नळ कप्तानाने बसवले, खुर्च्या आपण रंगवल्या. ते सगळं तसंच ठेवून हा सामना ज्यांनी परस्पर इथे देऊन टाकला, ते आपले अध्यक्ष समोर बसले आहेत. अध्यक्षसाहेब, उभे राहा.''

अध्यक्षांनी गप्पांच्या नादात फक्त शेवटचे शब्द ऐकले. दर वर्षी एक चेंडू देऊन उभं राहायची त्यांना सवयच होती. ते उभे राहिले आणि दोन्ही हात हलवू लागले. मोठ्या पडद्यावर त्यांचा चेहरा झळकला. तीस हजार परक्यांनी रीतसर टाळ्या वाजवल्या. वरच्या कोपऱ्यात चाळीस जण हाताची घडी घालून उभे होते. अध्यक्षांची नजर तिकडे गेली, आणि त्यांचे हात हवेतच राहिले. टाळ्या थांबेनात, त्यामुळे त्यांना खालीही बसता येईना.

सामना आपण एक-दोनने हरलो. पण तो एक गोल कप्तानाचा होता, डोक्याने मारलेला. तो सांगताना भोंगाताईंचा घसा बसला. शेजारच्या निवेदकाने आणखी एक गोळी पुढे केली. फोनमधून लांबून गलका ऐकू येत होता.

शिटी वाजली. स्पर्धा संपली. भोंगाताईंना त्या क्षणी हरल्याचं नाही, रडू आलं ते रागाचं. एवढी वर्षं वाट पाहिलेला घरचा सामना असा परक्याच्या दारात संपावा? उरलेला सगळा आवाज गोळा करून त्या म्हणाल्या, ''सांभाळून जा, आणि जाताना फाटक लावून घ्या.''

तेवढ्यात अध्यक्ष दारात आले, लालबुंद होऊन. ''माझी अब्रू घालवलीत तुम्ही सगळ्या गावासमोर! परत गेल्यावर बघतो.''

भोंगाताई काही बोलणार, एवढ्यात फोन खरखरला. सासूबाई होत्या.

''लावलं गं फाटक,'' त्या म्हणाल्या. ''शेळ्या बाहेर आहेत. अध्यक्ष परत आला की त्याला उघडायचं का, हे सगळे विचारताहेत.''

फोन स्पीकरवर होता. अध्यक्षांनी ते ऐकलं, आणि ते उत्तरासाठी भोंगाताईंच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.