दुपारी एक ते दोन

आखाजीच्या सणापासून दिवाळी उलटून जाईपर्यंत दुपारी एक ते दोन मी उंबऱ्यावरून हलले नाही. दूध उतू गेलं तर गेलं, फोन वाजला तर वाजला. गल्लीतल्या बाया हसायच्या, उज्ज्वलाबाई वॉचमन झाली म्हणायच्या. हसा म्हटलं. तुमच्या पोरीनं आशियात तिसरा नंबर काढला असता तर तुम्हीपण बसल्या असत्या.

पोर म्हणजे माझी प्रियांका. ती तीन हजार मीटर पळते, आणि तेही सरळ नाही. मध्ये लाकडी अडथळे असतात, एका अडथळ्याच्या पुढं पाण्याचा खड्डा असतो. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात परदेशात आशियाई चॅम्पियनशिप झाली आणि तिथं तिला ब्रॉन्झ मिळालं. तिचे पप्पा यंत्रमागावर बारा तास उभे राहणारे, कधी डोळ्यांत पाणी आणलं नाही, ते त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. आमच्या लिंबायत वस्तीत तीन दिवस फटाके वाजत होते.

मेडल आलं आणि त्याच्या मागोमाग हा एक ते दोन आला. मोठ्या खेळाडूंनी ताकदीचं काही औषध-गोळी घेतलं नाही ना, हे तपासायला माणसं येतात, आणि न सांगता येतात. म्हणून खेळाडूनं रोजचा एक तास मोबाइलमध्ये लिहून द्यायचा, की या वेळेला मी इथं सापडेन. माणसं आली आणि आपण सापडलो नाही तर एक चूक. वर्षभरात तीन चुका झाल्या की दोन वर्षं बंदी. प्रियांकानं दुपारी एक ते दोन लिहून दिलं, कारण सकाळचं पळून आली की तेव्हा ती घरी झोपलेली असायची.

पहिली चूक माझी. मागच्या वर्षीची एकोणीस नोव्हेंबर. एक माणूस आणि एक बाई दारात आले, गळ्यात पट्टे, हातात बॅग. माणूस म्हणाला, "प्रियांका घर पर है?" आता मला सांगा, वयात आलेल्या पोरीचं नाव घेऊन अनोळखी माणूस दारात आला तर आमच्याकडं काय सांगतात? नाही म्हणूनच सांगतात. मी म्हटलं, गावाला गेली, अमळनेरला. ती आत पंख्याखाली झोपलेली. बाजूच्या कारखान्यातले माग दिवसभर धडधडतात, तिला काय ऐकू जाणार? त्यांनी खाली थांबून तासाभरात आणखी दोनदा दार वाजवलं. मी कडी लावून आतून ओरडले, एकदा सांगितलं ना! माझं तोंड हे असं. चार दिवसांनी पत्र आलं आणि काय झालं ते कळलं. मी दोन दिवस जेवले नाही.

दुसरी चूक तिच्या पप्पांची. मेडलनंतर फोटो काढायला माणसं यायची, कुणी पोराला पाया पडायला आणायचं, आणि सगळ्यांना नेमकं दुपारीच वेळ मिळायचा. पोरीची झोप मोडू नये म्हणून हे कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. माणसं आली, त्यांनी कुलूप बघितलं, दार वाजवलं, तासभर थांबून कुलपाचा फोटो काढून गेली. पोर आतच होती. तिचे कोच दीपक सर, त्यांनी अर्ज केला, हातापाया पडले. उत्तर आलं, जबाबदारी खेळाडूची.

म्हणजे आता तिसरी चूक झाली की संपलं. पुढच्या वर्षीची मोठी स्पर्धा गेली, कॅम्प गेला. यंदाची एकोणीस नोव्हेंबर पार पडली की पहिली चूक मोजणीतून निघणार होती. तेवढा दिवस गाठायचा होता. कुलूप मी नाल्यात फेकलं. प्रियांका कुणाच्या लग्नाला जाईना, मैत्रिणींबरोबर डुमसला समुद्रावर जाईना. पळून आली की घरात. एकदा ती आरशासमोर वेणी घालता घालता म्हणाली, "मम्मी, चोरालापण एवढं डांबून ठेवत नसतील." मी तिला ओरडले. मग मोरीत जाऊन रडले, कारण पोर खोटं बोलत नव्हती.

यात आणखी एक गोष्ट होती, ती मलाच माहीत होती. पोर वाळत चालली होती. गालफडं बसलेली, टाच दुखायची, आणि पाळी चार महिने आलेली नव्हती. दीपक सरांना ती म्हणे सगळं बरोबर आहे. मला म्हणायची, पळणाऱ्या पोरींचं होतं असं. होतं असं! उद्या हिचं लग्न झालं आणि पोटी मूल राहिलं नाही, तर दीपक सर येणार आहेत का उत्तर द्यायला? आईचा जीव आहे, तो मेडल बघून गप्प बसत नाही.

तिकडं पर्वत पाटियाच्या बाजूला काशिनाथबाबा म्हणून एक जण पुड्या देतो. शेजारच्या शांताबाईच्या सुनेला गुण आला होता. मी गेले. बाबा म्हणाला, जडीबुटी आहे, महिनाभर दे, अंगात रक्त भरेल. प्रियांकाला औषध द्यायची सोय नव्हती. साधी सर्दीची गोळी घ्यायची तरी ती दीपक सरांना फोन करायची. पण दिवाळीनंतर मी विचारलं, डिंकाचे लाडू करू का? तर खूश झाली. "कर ना, मम्मी. घरचं चालतं." डिंक, खारीक, खोबरं, गूळ, आणि त्यात ती पुडी. रोज सकाळी पळायला जाताना एक लाडू. नऊ दिवस तिनं माझ्या हातून घेऊन खाल्ला.

नवव्या दिवशी जेवताना ती सहज बोलली. लांब उडी मारणारी कुणी मुलगी सापडली होती. तिनं ताकदीचं काही घेतलं नव्हतं, वैदूची पुडी घेतली होती सांधेदुखीची. "त्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळतात, मम्मी. तिला बिचारीला माहीतपण नव्हतं. चार वर्षं गेली." भाकरी माझ्या हातातच राहिली. मी विचारलं, माहीत नव्हतं तरी? ती म्हणाली, "तोंडात गेलं ना? मग जबाबदारी तिचीच."

त्या रात्री मी उरलेले लाडू, पुडी, कागद, सगळं नाल्यात टाकलं. सकाळी तिला सांगितलं, लाडवांना मुंग्या लागल्या. ती म्हणाली, "अरे यार." सोळा नोव्हेंबर होती. मी हिशोब केला, आणखी तीन दिवस कुणी येऊ नये. तोवर पहिली चूक निघेल, अंगातूनही जाईल सगळं, आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. एवढे महिने मी देवाला म्हणत होते, त्या माणसांना तेवढं माझ्यासमोर येऊ दे. आता म्हणत होते, नको येऊ देऊ. देवाचंही डोकं फिरलं असेल माझ्यापायी.

सतरा तारखेला एक वाजून वीस मिनिटांनी ते दोघं आले.

तोच माणूस, बाई दुसरी होती. मी उंबऱ्यावरच बसलेली. माणूस म्हणाला, "माताजी, प्रियांका है?"

मी खोटं सांगत नाही, मी मनात मोजायला लागले. नाही म्हटलं तर तिसरी चूक, दोन वर्षं. आत घेतलं आणि पुडीत खरंच काही असलं, तर चार वर्षं, आणि वर ही औषध घेऊन पळते हा डाग. चारपेक्षा दोन कमी. पण पुडीत काहीच नसलं तर? नुसतीच झाडपाल्याची भुकटी असली तर? मग माझ्या एका शब्दानं तिची धडधाकट दोन वर्षं जातील. मी म्हटलं, "वो तो..."

"हूं, हूं! घर में ही हूं!" आतून पोर धावत आली, केस मोकळे, तोंडभर हसू. मला मागून मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मम्मी, सुटलो बघ! आज मी सापडले." वर्षभरात मी तिला इतकं आनंदात बघितलं नव्हतं. ती मिठी मला सोसवेना.

पुढचा पाऊण तास सगळं नियमानं झालं. त्या बाई तिच्याबरोबर गेल्या, कारण बाटलीत लघवी भरताना बघावंच लागतं म्हणे. पोरीला जराही लाज वाटली नाही. तिनं स्वतः बाटल्या निवडल्या, स्वतः झाकणं फिरवली, नंबर वाचून दाखवले. मी चहा ठेवला. ते म्हणाले, नको, आम्ही काही घेत नाही. मी तरी ठेवला, हाताला काही काम हवं होतं.

मग माणसानं कागद काढला. विचारलं, गेल्या सात दिवसांत काही औषध, गोळी, पावडर?

"कुछ नहीं," प्रियांका म्हणाली. मग हसली. "मम्मीच्या हातचे डिंकाचे लाडू. बस."

साहेबपण हसला. घरचं खाणं लिहायची गरज नाही म्हणाला. पेन तिच्यापुढं केलं. खाली सही करायची होती, की वर दिलेली माहिती खरी आहे.

ती सही करणार होती. माझ्या जिवावर सही करणार होती. मी गप्प बसले असते तर कदाचित कधीच कळलं नसतं. आणि कळलं असतं, तर ती जगाला ओरडून सांगत फिरली असती की मी काहीच घेतलं नाही, आणि ती खोटी ठरली असती. माझी पोर, जी सर्दीची गोळी विचारून घेते, ती.

"थांब," मी म्हटलं. "लाडवात पुडी होती."

बाजूचे माग चालूच होते. तिनं विचारलं, "कसली पुडी?"

मी सगळं सांगितलं. काशिनाथबाबा, नऊ दिवस, सगळं. पाळीचंपण सांगितलं, त्या परक्या माणसासमोर. साहेबानं विचारलं, पुडी शिल्लक आहे का, असती तर तपासता आली असती. मी म्हटलं, नाल्यात टाकली. त्यानं डोळे मिटले आणि उघडले. म्हणाला, रखनी चाहिए थी, माताजी.

प्रियांकानं कागद स्वतःकडं ओढला आणि स्वतः लिहिलं. काय ते मला वाचता आलं नाही, इंग्रजीत होतं. सही केली. ते गेल्यावर तिनं बाटल्या ठेवलेली जागा ओल्या फडक्यानं पुसली.

मी म्हटलं, "मार मला. बोल काहीतरी."

"रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतात," ती म्हणाली.

संध्याकाळी तिचे पप्पा आले. तिचं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय जयं?" ती खाटेवर बसून मोबाइलमध्ये काहीतरी भरत होती. बॅग भरलेली होती. उधन्याला मृणाल राहते, तिच्याबरोबर पळणारी. उद्यापासूनचा एक ते दोनचा पत्ता तिकडचा दिला होता.

"तुझ्यासाठी केलं गं," मी म्हटलं. "तू वाळत चालली होतीस."

"माहीत आहे, मम्मी." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मी भांडले असते, भांडणं मला येतं. "मला राग नाही आला. पण आता तू पाणी दिलंस तरी मी आधी बघेन. घरात असं नाही राहता येत."

मी उठले. कळण्याची भाकरी आणि भरीत, तिच्या आवडीचं. भाकरी थापताना पीठ दिसत नव्हतं एवढं डोळ्यांत पाणी. डबा भरला, झाकण लावलं, तिच्या बॅगेवर ठेवला.

तिनं चपला घातल्या. मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, जसा मी तिच्या फिरवते. मग डबा उचलून ओट्यावर नीट ठेवला आणि बॅग घेऊन जिना उतरली.