ज्येष्ठेच्या नाकाचा तुकडा

गेल्या वर्षीच्या आषाढात, कृष्ण पक्षातील एका पहाटे, अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी या गावी नाल्याचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांपैकी एका घरातील गव्हाच्या कोठीत मी होतो. मी एक जुना मुखवटा आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा थोरलीच्या धडावर मला ठेवतात आणि ज्येष्ठा म्हणतात. शेजारी माझी धाकटी बहीण, कनिष्ठा, असते.

मित्रांनो, माझा जन्म कागदाचा लगदा, शाडू आणि डिंक यांपासून झाला. मला घडवणाऱ्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. परंतु माझ्या नाकातील नथीचे छिद्र त्याने किंचित तिरपे पाडले, एवढी त्याची खूण माझ्यापाशी आहे. घर माळ्याचे. सणाच्या दिवशी माझ्यापुढे सोळा भाज्या मांडल्या जात, आणि त्यांतील बहुतेक घरच्याच मळ्यातून येत. आशाबाई नववधू म्हणून आल्या, तेव्हा सासूने आम्हा दोन्ही मुखवट्यांना त्यांच्या ओटीत घातले. तीन दिवस आमचे कौतुक होई; उरलेले वर्ष आम्ही गव्हात पुरलेले असू. लक्ष्मी धान्यात राहावी, अशी या घराची रीत. ती रीत मला प्रिय होती. तिनेच माझा घात केला, आणि तिनेच मला वाचवले.

पाणी कोठीत शिरले आणि गहू फुगला. त्या दाबाने माझा गाल तडकला, नथीच्या छिद्रासकट नाकाचा शेंडा तुटला. पण त्याच फुगलेल्या गव्हाने मला चहूकडून धरून ठेवले, म्हणून माझा चिखल झाला नाही. कनिष्ठा वरच्या थरात होती. तिला ओल लागली, इजा झाली नाही. कोठी उघडली, तेव्हा गव्हाला मोड आले होते आणि त्यांची पांढरी मुळे माझ्या तडकलेल्या गालात शिरली होती. कुजका गहू मळ्यातील उकिरड्यावर गेला. माझ्या नाकाचा तुकडाही त्यातच गेला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आशाबाईंचे धाकटे दीर देवमन हे भाऊबंदांत रीतिभातीचे जाणकार. त्यांनी मला पाहिले आणि मान हलवली.

"वहिनी, खंडित मूर्ती पुजत नसतेत. अन् एकटी कनिष्ठा बसत नाही. दोघीयलेबी नदीत सोडा, अकोल्याहून नवा जोड आणा."

"नवा जोड आणसान त तुमीच पुजा," आशाबाई म्हणाल्या. "माह्या सासूनं ह्या ओटीत टाकल्या. मी जितीजागती असताना ह्या नदीत जाणार नाहीत."

"मंग देवीले अशी फुटकी बसवता काय?"

 देवमन यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. तेव्हा सून रागिणी पुढे झाली. तिने मला ओल्या फडक्यात गुंडाळले, पिशवीत ठेवले आणि अमरावतीची बस धरली.

मूर्तिकार खुशालराव यांच्या कारखान्यात त्या वेळी गणपतींची दाटी होती. "पोळा झाला का या," ते मान वर न करता म्हणाले.

"पोळ्यानंतर किती दिवस उरतेत दादा? मी बसतो इथंच."

ती खरोखरच बसली. अखेर खुशालरावांनी मला हातात घेतले आणि चिमट्याने मुळे उपटू लागले.

"आमच्या गावात कोणी म्हणते शकुन, कोणी म्हणते अपशकुन," रागिणी म्हणाली.

"गहू ओला झाला का उगवतेच. त्यात शकुन कायचा? उगवला नसता त बियाणं खराब म्हटलं असतं." मग ते थांबले. "नाक कुठी आहे?"

रागिणीने रिकामी पिशवी उलटी करून दाखवली.

"नवं करून देतो. कोणाले ओळखू येणार नाही."

"देवमन काकाजी विचारतीन. त्याहीनं विचारलं त मी खोटं नाही बोलणार."

"मंग तुमचे काकाजी बरोबर आहेत," खुशालराव म्हणाले. "तडा जोडता येते. पण ज्याचा तुकडाच हरवला, ते खंडित. नाक आणा, मी जोडून देतो. नाही भेटलं त दोघी नदीत."

मित्रांनो, एखाद्या वस्तूचे आयुष्य संपले की नाही, याचा निवाडा असा एका लहानशा तुकड्यावर येऊन ठेपतो. मी खुशालरावांकडे सावलीत हळूहळू वाळत होतो, आणि तिकडे रागिणी, नाक कुजक्या गव्हाबरोबरच गेले असणार म्हणून, मळ्यातील उकिरड्यापुढे उभी होती. कुजक्या गव्हाची दुर्गंधी, वर माजलेले हिरवे गवत. सकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून बाजारात पाठवायच्या, आणि मग घमेल्याने उपसून चाळणीवर पाणी ओतत बसायचे, असा तिचा क्रम झाला. शेजारणी हसत. "काय वं रागिणी, नाक कापलं गेलं म्हणते तुमचं?" ती उत्तर देई, "हो ना. शोधून राहिलो. सापडलं का दाखवतो."

एके दुपारी चाळणीत चिंचोक्याएवढा काळपट खडा उरला. वर्षानुवर्षे चढलेल्या रोगणाच्या थरांमुळे तो विरघळला नव्हता. तिने तो धुतला. त्यात तिरपे छिद्र होते.

खुशालरावांनी तो तुकडा बसवला, गाल भरला, रंग जेथे उडाला होता तेथेच दिला. नाकावरील सांध्याची रेघ मात्र त्यांनी झाकली नाही. "जोडलं ते दिसू द्या. लपवलं का माणूस नखानं खरवडून पाहते."

जुन्या वस्तू अमर असतात, असे माझे म्हणणे नाही. परंतु मोडलेल्या वस्तूला निरोप देण्यापूर्वी तिचा तुकडा एकदा शोधावा, एवढे मागण्याचा अधिकार मला या नाकाने दिला आहे.

आवाहनाच्या आदल्या दिवशी रागिणीने मला आशाबाईंच्या ओटीत ठेवले. देवमन आले. मला दाराशी उजेडात नेऊन त्यांनी त्या रेघेवरून नख फिरवले.

"नाक नवं केलं?"

"तेच आहे काकाजी. उकिरड्यात भेटलं."

"कायावरून?"

आशाबाईंनी डब्यातून सासूची नथ काढली. तिची तार इतक्या वर्षांत त्या तिरप्या छिद्राच्या वळणानेच वाकली होती.  तार एकदा अडली. मग वळली, आणि आपल्या जुन्या जागी जाऊन बसली.

"पाहून घ्या भाऊजी नीट," त्या म्हणाल्या. "उद्या-परवा जेवणाच्या पानावर बसून खुसपट काढू नका."

देवमन यांनी नथीला हलकेच बोट लावले. ती डुलली, निसटली नाही. त्यांनी मला दोन्ही हातांनी आशाबाईंकडे परत दिले.

"खंडित नाही," ते म्हणाले. "बसवा."