बारा हजार पुस्तकं आणि एक चोरबटण

ग्रंथपालांनी किल्ली फिरवली. इंजिन हूं की चूं करेना, अलार्मने मात्र सगळी गल्ली डोक्यावर घेतली.

अकरा वाजता त्यांच्या बायकोची लायसन्सची परीक्षा होती आणि ती घरच्याच गाडीवर द्यायची होती. हुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. सव्वादहा वाजून गेले होते.

"बॅटरी असेल," ते म्हणाले.

बॅटरी नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मेहुण्याला न विचारता गाडी न्यायची खोड, म्हणून त्यांनी गाडीत एक चोरबटण बसवलं होतं. ते दाबल्याशिवाय किल्ली फिरवली की अलार्म बोंबलायचा. वर खबरदारी म्हणून दर महिन्याला ते बटणाची जागा बदलत. वायर लांब होती आणि रविवार मोकळा असायचा. लायब्ररीतलं बारा हजारांपैकी कुठलंही पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे झोपेत सांगणारा हा माणूस, या महिन्याची जागा साफ विसरला होता. आणि हे बायकोला सांगायचं कुठल्या तोंडाने? मेहुणा म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ.

मग नाटक सुरू झालं. त्यांनी बॅटरीची टोकं पुसली. रिमोटचा सेल बदलला. पेन पडल्याचं निमित्त करून सीटखाली हात घातला, तर खरंच एक जुनं पेन सापडलं. समोरच्या खिडकीतल्या आजोबांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून ठेवलं.

साडेदहा झाले. बायको शेजारच्या सीटवर पर्स आवळून बसली होती. तिचे डोळे भरून आलेले पाहून ग्रंथपालांना स्वतःचीच लाज वाटली.

"अगं, एक सांगायचंय..."

"हँडब्रेकच्या रबराखाली बघा," ती समोर बघत म्हणाली.

बटण तिथेच होतं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही रोज कामाला बसने जाता ना. माझा भाऊ गाडी स्वतःसाठी नेत नाही हो, मला शिकवायला नेतो. तुम्ही शिकवताना ओरडता." तिने पर्सवरची पकड सैल केली. "दर वेळी बटण तोच शोधतो. या खेपेला मी शोधलं."

ग्रंथपाल खाली उतरले, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले.

"सरक तिकडे," ते म्हणाले. "उशीर होतोय."

ती स्टिअरिंगमागे बसली, आरसा नीट केला आणि म्हणाली, "पट्टा लावा. आणि ओरडायचं नाही."