वजनकाट्याचं गाऱ्हाणं

पुण्याची नोकरी सोडून मी मालवणात घरी आले ती एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड, लिहायला. संगणकाला जोडलेलं यंत्र चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम एरवी कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या कारभाराच्या मुळाशी बसतो. तिथं तो चुकला की अख्खा संगणक आडवा. माझ्या लायब्ररीमुळे तो बाहेर, साध्या प्रोग्रामसारखा चालणार होता. पडलाच तर एकटा पडेल. भाईंना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावलं तर म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर गाडयेच्या भायर बसान गाडी चालवतलो?"

त्यांनी मला नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. भाई मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटीच्या नव्या वजनकाट्याचं जुन्या प्रोग्रामशी मुळीच पटत नव्हतं. माझ्या लायब्ररीवर लिहिलेला ड्रायव्हर दोघांमध्ये दुभाष्याचं काम करणार होता. "चललो तर रव. नाय तर गप पुण्याक जा," भाई म्हणाले. मला पुण्याला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. तिथले मासे बघूनच मला रडू येतं.

पौर्णिमेच्या सकाळी सोसायटीच्या ऑफिसात काटा जोडला, प्रोग्राम चालू केला, तर तो ढिम्म. वजन दाखवेना, चूकही सांगेना. चरफडत बंदरावर गेले. तिथं भाई होडीपुढे देवाला गाऱ्हाणं घालत होते. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. आज गुरुदासकाका मोबाइलवर आणि बाकीचे सोनेरी कागदाने मढवलेला नारळ बघण्यात गर्क. कोणीच काही म्हणालं नाही. भाई हात जोडून, डोळे मिटून तसेच थांबले.

मला हसूच फुटलं. सोसायटीचा प्रोग्रामही अगदी असाच उत्तराची वाट बघत उभा होता. त्याने विचारलेलं कळलं नाही की माझी लायब्ररी गप्प बसायची, आणि मला तो तिचा शहाणपणा वाटत होता. गाऱ्हाण्यातलं निम्मं आम्हाला तरी कुठे कळतं? पण म्हणून गप्प कोण बसतं?

धावत ऑफिसात आले. न कळलेल्या प्रश्नालाही 'हे मला जमत नाही' असं लगेच उत्तर जाईल, एवढंच बदललं. प्रोग्राम सुरळीत पुढे सरकला. मी अशी का धावले ते बघायला सगळे मागोमाग आलेच होते. शेजारच्या यमुनाबाईंनी तो मानाचा नारळच काट्यावर ठेवला. पडद्यावर वजन उमटलं आणि मी चक्क नाचले.

भाईंनी टोपी काढून काट्यासमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवान ह्यो काटो बोलतो केलो. त्येका असोच बोलतो ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि तिका आता खंय धाडू नको. तिच्याशिवाय माका घरात गमत नाय रे म्हाराजा."

सगळे गप्प राहून माझ्याकडे बघू लागले. भाई डोळे मिटून थांबले होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "होय म्हाराजा."