काळा पट्टा

खराडीतल्या ऑफिसात बसून मैत्रीने उपग्रहाच्या चित्रात समुद्रावरचा तेलाचा काळा पट्टा हेरला. जहाजांच्या मार्गांशी ताडून पाहिल्यावर तेल सोडणारं जहाजही सापडलं. ते संध्याकाळी बंदरातून सुटणार होतं. ते अडवा म्हणून सांगायला तिने बंदरातल्या अधिकारी साहेबांना तिसऱ्यांदा फोन लावला.

“मॅडम, तेल तुम्ही स्वतः पाहिलंत का?”

“अहो, मी पुण्यात आहे! म्हणून तर उपग्रह लागतो.”

“मग नमुना आणा.”

मैत्रीने कपाळावर हात मारला आणि बंदराजवळच्या मच्छीमार संस्थेच्या शालनताईंना पट्ट्याची जागा कळवली. ताईंनी होडी काढली, तेलकट पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि साहेबांच्या टेबलावर आणून आदळल्या.

चारला साहेबांचा फोन आला. “जहाज तपासणीसाठी थांबवलंय. आता तुमचा अहवाल सहीशिक्क्यानिशी, तीन प्रतींत पाठवा.”

“पाठवते,” म्हणत मैत्री चरफडत प्रिंटरकडे गेली.