चिकटपट्टीखालचं पांढरं

"हात लावू नका, भावजी. उद्या संग्रहालयाची माणसं येतायत ना, त्यांचं ते बघतील."

दुर्वालची मेहुणी नेउझा मक्याच्या केकचं ताट घेऊन दारातच थबकली होती. दुर्वालच्या एका हातात हेअर ड्रायर होता, दुसऱ्यात दाढीचं पातं. समोर टेबलावर त्याच्या बायकोचं, इयोलांदाचं शेवटचं चित्र आडवं ठेवलं होतं. भडक तांबडा रंग, आणि त्यातून तिरप्या गेलेल्या तीन मातकट पट्ट्या.

"या पट्ट्या काढायच्यात," तो म्हणाला.

"काढायच्या? चित्रातल्या?"

"चित्रातल्या नाहीत. चिकटपट्ट्या आहेत त्या."

नेउझाने ताट खाली ठेवलं. "चिकटपट्ट्या? अहो, मी सगळ्या गल्लीला सांगितलं, ताईने आमच्या गावची नदीकाठची वाट काढलीय म्हणून! दोनदा रडलेसुद्धा इथे उभी राहून."

"रडलीस ते काही वाया नाही गेलं."

इयोलांदा कातागुआझेस शहरातल्या शाळेत चित्रकला शिकवायची. मुलांकडून केळी, मांजरं, चर्च काढून घ्यायची. घरी मात्र मागच्या खोलीत तिने सारा जन्म नुसते पट्टे, त्रिकोण, चौकोन रंगवले. दुर्वाल कापडगिरणीत मागांचा फिटर होता. गिरणीतले म्हणायचे, "तुझ्या बायकोला सांग, आमच्या न्हाणीघराची फरशी करून दे." हे तिला सांगितलं की ती म्हणायची, "माप आणायला सांग." एकदा पाद्रीबाबा घरी आले, बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, हे काय आहे?" ती म्हणाली, "फादर, हे निळं आहे." चित्रं फारशी विकली गेली नाहीत. चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि इयोलांदा पुढचं सुरू करायची.

कापड ताणून चौकटीला ठोकायचं काम दुर्वालचं. मग इयोलांदा पांढऱ्या रंगाचा हात द्यायची, चिकटपट्ट्या लावायची, त्यांच्या कडांवर चढेल असा रंग द्यायची, आणि रंग ओला असतानाच पट्ट्या ओढायची. त्या वेळी दुर्वाल चौकट धरून उभा राहायचा. बोलायचं नाही, शिंकायचं नाही. पट्टी निघाली की खाली सुरीने कापल्यासारखी कड दिसायची.

त्या दिवशी तिने तांबडा हात दिला, "कॉफी टाकते" म्हणून उठली आणि चुलीपाशीच पडली. इस्पितळ, मग दफन. दुर्वाल घरी परतला तेव्हा रंग कडक वाळला होता आणि पट्ट्या तशाच होत्या. आज सात महिने झाले. उन्हाळ्यात गोंद आणखी मुरला. जितका उशीर तितकं अवघड, हे त्याला कळत होतं. पण पट्ट्या होत्या तोवर चित्र तिच्या हातातून सुटलं नव्हतं.

मग बेलो होरिझोन्तेच्या संग्रहालयातून तालिता नावाच्या मुलीचा फोन आला. "पट्ट्यांसकट द्या, काका. आमच्याकडे तज्ज्ञ आहेत." तो हो म्हणाला. फोन ठेवला आणि त्याला जेवण जाईना. मुलगी चांगली होती. पण हे काम या घरातलं होतं.

"आणि रंग उचकटून आला तर?" नेउझा म्हणाली. "तिचं शेवटचं आहे हो ते. तुम्ही जन्मभर माग दुरुस्त केलेत, चित्रं नाही."

"म्हणून तर दुसरा हात हवाय. तू चौकट धर."

त्याने पट्टीच्या कडेने पातं फिरवलं, ड्रायरने ऊब दिली, टोक नखाने उचललं आणि ओढलं. डाळीएवढा तांबडा कपचा पट्टीबरोबर वर आला.

"अरे देवा! म्हटलं होतं ना मी!"

दुर्वाल खुर्चीत बसला. कपाळ पुसलं. एवढी वर्षं तो चौकट धरून उभा होता, पण बघायचा तो तिच्या तोंडाकडे. हात कसा चालायचा तिचा? वर नाही ओढायची ती. पट्टी पट्टीवरच दुमडून, कापडाला लागून, सावकाश मागे न्यायची.

"घाई केली मी," तो म्हणाला. "धर पुन्हा."

या वेळी पट्टी आली. वीतभर आली, हातभर आली, सगळी आली. मग दुसरी. तिसरीला नेउझानेही श्वास कोंडून धरला होता. पट्टी सुटताच तिने मोठ्याने हसून त्याच्या पाठीत धपाटा घातला. "निघाली की हो!"

दुर्वाल खाली बघत होता. चित्राच्या बाहेरच्या कडेचं पांढरं धुळीने, धुराने पिवळं पडलं होतं. पट्ट्यांखालचं पांढरं मात्र तिने दिलं तसंच होतं. सात महिने त्याला काहीच लागलं नव्हतं. छातीवरचं ओझं कोणी उचलून नेल्यासारखं त्याला हलकं वाटलं. मग तो थोडा रडला, आणि नेउझा कॉफी करायला उठली.

दुसऱ्या दिवशी तालिता आली. पट्ट्यांच्या जागचं पांढरं तिने वाकून पाहिलं. मग तिने पेन काढलं.

"काका, चित्राखाली लिहायचंय म्हणून विचारते. हे पूर्ण कधी झालं?"

"काल," दुर्वाल म्हणाला.

"काल? पण इयोलांदाबाई तर..."

"हो. काल दुपारी."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तसं लिहून घेतलं.